फिट येणाऱ्या मुलासाठी न्यूरोफीडबॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, फिट येणाऱ्या एका मुलाची आई आहे. न्यूरोफीडबॅकबद्दल बरंच वाचलंय, सेंटरवाल्यांशी बोललेय, आमच्या न्यूरोलॉजिस्टना भंडावून सोडलंय, आणि आता ओळखीच्या ओळखीतून आईबाबांचे मेसेज येत राहतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. घाईत असाल तर ५ आणि ७ तरी वाचाच.

१. न्यूरोफीडबॅक म्हणजे नक्की करतात काय? शॉक देतात का?

नाही, शॉक वगैरे काही नसतो, डोक्यात करंट सोडत नाहीत. ईईजीला (मेंदूच्या लहरींच्या तपासणीला) लावतात तशीच वायर पेस्ट लावून डोक्यावर चिकटवतात, ती फक्त मेंदूतल्या लहरी वाचते. समोर स्क्रीनवर गेम किंवा कार्टून असतं. हवी ती लहर वाढली की गाडी पुढे जाते किंवा कार्टून चालू राहतं, नको ती वाढली की थांबतं. मुलाला कोणी "आता अमुक लहर काढ" असं सांगत नाही, ते त्याला जमणारही नाही, बक्षीस मिळत राहिल्यामुळे मेंदू हळूहळू तसा वागायला शिकतो अशी यामागची कल्पना आहे. ईईजी बायोफीडबॅक म्हणतात तेही हेच.

२. पण याचा फिट्सशी संबंध आला कुठून? हे तर लक्ष वाढवण्यासाठी करतात ना?

उलट आहे, फिट्स आधी आल्या आणि लक्षाचं प्रकरण नंतर. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॅरी स्टर्मन नावाचे शास्त्रज्ञ मांजरींवर काम करत होते. मांजर अंग स्थिर ठेवून पण टक्क जागी असते, भक्ष्यावर नजर ठेवून बसते तशी, तेव्हा मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागावर साधारण १२ ते १५ हर्ट्झची एक लय दिसते, तिला एसएमआर म्हणतात. स्टर्मननी मांजरींना खाऊ देऊन ही लय वाढवायला शिकवलं. पुढे त्यांच्याकडे वेगळंच काम आलं, रॉकेटच्या इंधनातलं एक रसायन किती विषारी आहे ते तपासायचं होतं, त्या रसायनाने फिट येते. तेव्हा लक्षात आलं की आधी एसएमआर शिकलेल्या मांजरींना फिट यायला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागतोय. हे कोणी ठरवून शोधलेलं नव्हतं, आणि मांजरीला प्लासिबो (उपचार मिळतोय या नुसत्या समजुतीने बरं वाटणं) होत नाही, म्हणून मला या विषयातला सगळ्यात दमदार भाग अजूनही हाच वाटतो.

१९७२ मध्ये स्टर्मन आणि फ्रायर यांनी २३ वर्षांच्या एका बाईवर हे करून पाहिलं, तिच्या फिट्स कमी झाल्या, तिथून माणसांवरचे अभ्यास सुरू झाले. जर्मनीत ट्युबिंगेनला निल्स बिरबाउमर यांच्या गटाने वेगळी पद्धत वापरली, त्यात पेशंट मेंदूतले हळू बदलणारे व्होल्टेज वरखाली करायला शिकतो. फिट्ससाठी ज्यांच्यावर थोडंतरी काम झालंय अशा पद्धती मुख्यतः या दोनच. तुमचं सेंटर तिसरंच काहीतरी करत असेल तर ते फिट्ससाठी कशाच्या आधारावर करताय हे विचारा.

३. मग सिद्ध झालंय का? किती मुलांना फायदा होतो?

पक्कं सिद्ध झालेलं नाही. सेंटरच्या माहितीपत्रकात एक आकडा बरेचदा दिसतो, ७४ टक्के. तो खोटा नाही, पण तो कसा आला ते बघा. २००९ मध्ये ६३ अभ्यास गोळा केले, त्यातल्या फक्त १० मध्ये मोजता येईल इतकी माहिती निघाली, त्या दहांत मिळून पेशंट ८७. त्यातल्या ६४ जणांच्या फिट्स आठवड्याच्या हिशोबात कमी झाल्या. कमी झाल्या म्हणजे थांबल्या असं नाही, दहाच्या आठ झाल्या तरी तो माणूस या ७४ टक्क्यांतच मोजला जातो. हे सगळे औषधांनी बरे न झालेले पेशंट होते ही जमेची बाजू. पण तोवरच्या पस्तीसेक वर्षांत जगभरातून मोजण्यालायक ८७ माणसं, आणि फक्त लहान मुलांवरचं काम त्याहून तुटपुंजं.

दुसरी अडचण अशी की खोटं न्यूरोफीडबॅक देऊन, म्हणजे वायर तीच, गेम तोच, पण बक्षीस कसंही, अशी तुलना या अभ्यासांत फार कमी वेळा झाली. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने फिट्सवरच्या मानसिक उपचारांचा आढावा घेतला, त्यात हेही होतं, आणि त्यांचं मत पडलं की अभ्यास सदोष आणि माणसं थोडी, त्यामुळे भरवशाचा पुरावा नाही.

माझं मत विचाराल तर यात काहीतरी असावं, पण किती आणि कोणासाठी हे कोणालाच नीट माहीत नाही. "शंभर टक्के फरक पडतो" म्हणणारा माणूस एकतर वाचत नाही किंवा विकतोय.

४. आमचे डॉक्टर म्हणाले "करायचं तर करा". याचा अर्थ काय घ्यायचा?

बहुतेक वेळा अर्थ एवढाच की यातून मोठं नुकसान दिसत नाही आणि ओपीडीत बाहेर चाळीस पेशंट बसलेत. ही शिफारस नव्हे. पुढच्या भेटीत नेमकं विचारा: आमच्या मुलाच्या फिट्सचा प्रकार कोणता, याच्या आधी करण्यासारखं काही उरलंय का, आणि हे चालू असताना गोळ्या तुम्ही बदलणार आहात का. तिसरा प्रश्न का ते १३ मध्ये कळेल.

५. दोन-तीन गोळ्या झाल्या, फिट्स थांबत नाहीत, म्हणून आता न्यूरोफीडबॅककडे वळतोय. बरोबर आहे ना?

थांबा जरा. सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे म्हणून लांब लिहितेय.

नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबल्या नाहीत तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार (म्हणजे मिरगी) म्हणतात, ही मिरगीवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेची (आयएलएई) २०१० ची व्याख्या आहे. साधारण दोन तृतीयांश पेशंट औषधांवर थांबतात, तुमचं मूल उरलेल्यांत असेल तर तिसऱ्या-चौथ्या गोळीने एकदम जादू व्हायची शक्यता कमी असते. इथे येऊन बरेच आईबाबा एकतर गोळ्या बदलत बसतात नाहीतर वेगळं काहीतरी शोधायला लागतात. मधल्या तीन गोष्टी कोणी नीट सांगतच नाही.

पहिली, निदान परत तपासणं. फिट्स खरंच मिरगीच्याच आहेत का, असतील तर कोणत्या, यासाठी व्हिडिओ ईईजी, म्हणजे अॅडमिट करून कॅमेरा आणि ईईजी एकत्र. चुकीच्या प्रकारासाठी दिलेली गोळी फिट्स वाढवूही शकते, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन काही प्रकारांत. एमआरआय जुना असेल तर तो अपस्मारासाठीच्या पद्धतीने परत काढावा लागतो का तेही विचारा, बारीक डाग साध्या एमआरआयमध्ये निसटतात.

दुसरी, मेंदूचं ऑपरेशन करून फिट्स थांबवता येतील का याची तपासणी. शब्द ऐकूनच आपण घाबरतो. पण दिल्लीच्या एम्समधला २०१७ साली छापून आलेला अभ्यास बघा, ११६ मुलं, सगळी औषधाला दाद न देणारी. ज्यांचं ऑपरेशन झालं त्यातली ७७ टक्के वर्षभराने फिटमुक्त होती, फक्त औषधांवर राहिलेल्यांतली ७ टक्के. ऑपरेशनचे धोके त्यांनी लपवलेले नाहीत, काहींना एका बाजूचा अशक्तपणा आला वगैरे, आणि प्रत्येक मूल ऑपरेशनजोगं नसतंच. पण आपलं मूल त्यात बसतं का हे तपासून तरी घ्या. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था यासाठी नावाजलेली आहे, मुंबईतही होतं. पैशाचं टेन्शन असेल तर मोठ्या हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र बसतात, काय बसतं काय नाही ते त्यांना विचारा.

तिसरी, किटो डाएट, म्हणजे तूप-तेल भरपूर आणि धान्य-साखर अगदी कमी असा आहार. लंडनमधल्या २००८ च्या अभ्यासात या आहारावरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या, नुसत्या औषधांवरच्या ६ टक्के मुलांच्या. आपल्याकडे त्याचाच मॉडिफाइड अॅटकिन्स हा प्रकार जास्त देतात कारण तो जरा सोपा पडतो. सोपा म्हणजे तूप, पनीर, अंडी, खोबरं चालतं आणि भात-भाकरी-चपाती जवळपास बंद, त्यामुळे आजीची समजूत काढायला वेगळी तयारी लागते. यूट्यूब बघून सुरू करू नका, काही आजारांत हा आहार घातक ठरतो, आधी तपासण्या लागतात आणि आहारतज्ज्ञ लागतातच.

हे तिन्ही बघून झालं, त्यातलं काही लागू पडत नाही किंवा ते चालू आहे आणि तरी थोडा आधार हवाय, तर मग न्यूरोफीडबॅक जोडीला करून बघायला माझी ना नाही. त्याच्याआधी करण्यात धोका मशीनचा नाही, वाया गेलेल्या वर्षाचा आहे.

६. सेशन कसं असतं, किती लागतात, खर्च किती?

अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि एकूण ३० ते ४० किंवा जास्त. आठवड्याला दोन धरले तर ४० सेशनला २० आठवडे, म्हणजे शाळेचं एक सत्र गेलं. दर सेंटरनुसार खूप बदलतो म्हणून आकडा लिहीत नाही. एका सेशनचा दर विचारू नका, सगळं मिळून किती ते विचारा, त्यात ब्रेन मॅपिंगचे (लहरींचा रंगीत नकाशा, १२ बघा) वेगळे पैसे, रिक्षा, आणि तुमच्यापैकी एकाची रजा धरा. पॅकेज एकरकमी भरू नका, दहा-दहाचे हप्ते करून मागा. आणि डोक्याला तेल लावून नेऊ नका, आदल्या दिवशी न्हाऊ घाला, नाहीतर वायर चिकटत नाही आणि पहिली वीस मिनिटं त्यातच जातात.

७. सेंटरवाले म्हणतात हळूहळू गोळ्या बंद करता येतील. खरंय का?

गोळीला हात फक्त न्यूरोलॉजिस्टने लावायचा. गोळी अचानक बंद केली की न थांबणारी फिट येऊ शकते, त्यात जीव जाऊ शकतो, यात अतिशयोक्ती नाही. न्यूरोफीडबॅकचे जे अभ्यास झाले त्यातसुद्धा पेशंट बहुतेक गोळ्या चालू ठेवूनच होते. "केमिकल कशाला देताय" हे वाक्य ऐकू आलं की चप्पल घालून बाहेर पडा.

गोळ्यांचा त्रास असेल तर तो खराच असतो. लेव्हेटिरासिटमने मूल चिडकं होतं, आदळआपट करतं, व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, मोठ्या होणाऱ्या मुलींसाठी त्याचे वेगळे प्रश्न आहेत. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, औषध किंवा डोस बदलता येतो.

८. कोणत्या मुलांच्या बाबतीत यात वेळ घालवूच नये?

बाळ वर्षाच्या आतलं आहे आणि झोपून उठल्यावर ओळीने दचकल्यासारखे झटके येतात, मान-हात पुढे येतात, मग जरा थांबून परत. पोटात दुखतंय म्हणून लोक ग्राइपवॉटर देत बसतात. हे इन्फंटाइल स्पॅझम्स, म्हणजे बाळांच्या फिट्सचा एक गंभीर प्रकार, असू शकतात, इथे दिवस मोजले जातात, लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे जा. तसंच मूल आधी येत असलेलं बोलणं, चालणं, शिकलेलं विसरायला लागलं असेल तर, किंवा फिट्स अचानक वाढल्या, डोकेदुखी-उलट्या सुरू झाल्या तर, आधी दवाखाना.

काही मुलांना याची गरजच पडत नाही. रोलँडिक म्हणतात त्या प्रकारात झोपेत तोंड वाकडं होणं, लाळ गळणं असं होतं आणि बहुतेक मुलं वयात येईपर्यंत त्यातून बाहेर पडतात. त्या दोन-तीन वर्षांत जे काही करत असाल त्याला श्रेय मिळून जातं.

९. माझी मुलगी चार वर्षांची आहे, एका जागी बसत नाही. जमेल का?

कठीण आहे. दात आवळले, मान हलवली, डोळे मिचकावले तरी मशीनला ते लहरीच वाटतात, मग मेंदूऐवजी जबड्याला बक्षीस मिळत राहतं. चांगला ऑपरेटर असा कचरा ओळखून सेशन थांबवतो. सहा-सात वर्षांच्या आत, किंवा मूल खूप चंचल असेल तर, मी थांबेन.

१०. साइड इफेक्ट काही? फिट्स वाढू शकतात का?

डोकं दुखणं, थकवा, चिडचिड, झोप बिघडणं असं काही मुलांत होतं, बहुतेक तात्पुरतं. चुकीची लहर वाढवली तर उलट परिणाम होऊ शकतो ही भीती अगदीच निराधार नाही, स्टर्मन यांच्या नंतरच्या काही अभ्यासांत ट्रेनिंग उलटं फिरवलं तेव्हा फिट्स परत वाढलेल्या दिसल्या होत्या. म्हणून फिट्स वाढल्या तर "बरं होण्याआधी वाढतंच" ही समजूत ऐकून घेऊ नका, सेशन थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.

लखलखाटाने फिट येणाऱ्या मुलांचं वेगळं. १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. ईईजी करताना दिवा लुकलुकवून बघतात, त्याचा निकाल रिपोर्टमध्ये असतो, तो सेंटरला दाखवा आणि कोणता गेम लावणार तो स्वतः आधी बघा. जोरजोरात श्वास घ्यायला लावत असतील तर तेही सांगून बंद करा, टक लावून हरवल्यासारख्या होणाऱ्या फिट्स त्याने हमखास सुरू होतात.

११. सेशन चालू असताना फिट आली तर?

घरी करता तेच. कुशीवर वळवा, मानेभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट-पाणी काहीही घालू नका, कांदा आणि चप्पल तर अजिबात नको. पाच मिनिटांवर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला मिडाझोलाम स्प्रे आणि १०८. स्प्रे तुमच्या पर्समध्ये असू दे. पहिल्याच भेटीत सेंटरमधल्या माणसाला "फिट आली तर तुम्ही काय करता" हे विचारा, उत्तर देताना तो गडबडला तर तुमचा निर्णय झाला.

१२. ब्रेन मॅपिंगच्या रिपोर्टमध्ये मुलाचा मेंदू लाल दिसतोय, फार घाबरलोय.

लाल म्हणजे बिघडलेला असं नसतं. मुलाच्या लहरी त्याच वयाच्या इतर मुलांच्या सरासरीशी ताडून फरकाला रंग देतात. ती इतर मुलं बहुतेक गोळ्या न घेणारी असतात, आणि क्लोबाझामसारख्या गोळ्यांनी वेगवान लहरी तशाही वाढतात, म्हणजे तुम्ही गोळीचाच फोटो बघताय असंही होऊ शकतं. झोप कमी झाली, मूल हललं, तरी रंग बदलतो. फिट्सचं निदान या नकाशावर करू नये, मूळ ईईजी न्यूरोलॉजिस्टने डोळ्यांनी वाचलेला हवा. तोही एकदा नॉर्मल आला म्हणून मिरगी नाही असं होत नाही.

१३. फायदा होतोय की नाही हे कसं ओळखायचं?

फिट्सची वही. सुरू करण्याआधी निदान दोन-तीन महिने लिहा: तारीख, वेळ, किती मिनिटं, कशी, ताप होता का, जागरण झालं का, गोळी चुकली का. गणपतीत आणि लग्नसराईत झोपेची वाट लागते, ते दिवस वेगळे खुणवा.

ही वही का, तर आपण नवीन उपाय नेहमी सगळ्यात वाईट महिन्यात सुरू करतो, आणि वाईट महिन्यानंतरचा महिना काहीही न करता जरा बरा जातोच. त्यात त्याच काळात डॉक्टरांनी डोस वाढवलेला असतो, मग श्रेय कोणाचं? म्हणून सेशनच्या काळात शक्यतो औषध बदलायचं नाही असं डॉक्टरांशी ठरवा, पण गरज पडली तर औषधच पहिलं, प्रयोग गेला खड्ड्यात. आणि थांबायचं कधी तेही आधीच लिहून ठेवा, म्हणजे वीस सेशननंतर वहीत फरक नसेल तर बंद. नाहीतर "अजून दहा करू" ला अंत नसतो.

मूल शांत झोपतंय, शाळेतून तक्रार कमी आली हेही लिहा, पण वेगळ्या रकान्यात.

१४. सेंटर कसं निवडू? कोणीही मशीन घेऊन बसलंय.

खरंय, आणि इथे २ आणि ११ मधले प्रश्न आधी वापरा. शिवाय: सेशन स्वतः कोण घेतं आणि त्याचं शिक्षण काय, फिट येणारी किती मुलं पाहिलीत, वायर कुठे लावणार आणि कोणती लहर वाढवणार (फिट्ससाठी बहुतेक डोक्याच्या मध्यभागी, सी३-सीझेड-सी४ या जागांवर, एसएमआर), आमच्या न्यूरोलॉजिस्टना लेखी रिपोर्ट पाठवाल का. शेवटच्याला नाही म्हणाले तर पुढचं बोलायची गरज नाही.

१५. फिट्स ताब्यात आहेत पण अभ्यासात लक्ष नाही, एडीएचडी सांगितलंय. त्यासाठी करू का?

इथे पुरावा जास्त आहे आणि तो फारसा उत्साह देणारा नाही. अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या १४४ मुलांवर खऱ्या आणि खोट्या न्यूरोफीडबॅकची तुलना झाली, कोणाला काय मिळतंय ते आईबाबांनाही माहीत नव्हतं. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, जवळपास सारखीच. आधी गोळीमुळे सुस्ती आहे का, रात्री लक्षात न येणाऱ्या फिट्स आहेत का ते बघा.

१६. आम्ही गावाकडे राहतो, आठवड्यातून दोनदा शहरात जाणं शक्य नाही. ऑनलाइन हेडबँड मिळतो तो घेऊ का?

ते ध्यानधारणा वगैरेसाठी असतात, बरेचसे कपाळावरून वाचतात, एसएमआर जिथे शोधायचा ती जागा डोक्याच्या वर मध्यावर. फिट येणाऱ्या मुलावर देखरेखीशिवाय नको. त्या पैशात वर्षातून दोनदा चांगल्या एपिलेप्सी सेंटरला जाऊन या.

१७. सोबत फिट्सची आयुर्वेदिक पावडर चालू ठेवली तर?

पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर नको. "शुद्ध जडीबुटी" म्हणून विकलेल्या अशा पावडरींत फेनोबार्बिटोनसारखी आपलीच फिट्सची औषधं मिसळलेली सापडल्याची प्रकरणं भारतात झालीत. गुण येतो तो त्याचा, आणि डोस कोणालाच माहीत नसतो. जे काही देत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका, ओरडले तर ओरडू देत.

१८. व्हिडिओ ईईजीत कळलं की मुलीचे झटके मिरगीचे नाहीतच, मानसिक ताणाचे आहेत. आता न्यूरोफीडबॅक उपयोगी पडेल का?

हे नाटक नसतं हे आधी घरात सगळ्यांना सांगा, मुलगी मुद्दाम करत नाही. यात मुख्य उपचार समुपदेशन आणि वागणुकीवर काम करणारी थेरपी हाच आहे, बाल मानसोपचारतज्ज्ञ शोधा. काही मुलींना दोन्ही प्रकारचे झटके येतात, म्हणून गोळ्यांचं काय करायचं ते न्यूरोलॉजिस्टच ठरवणार (७ बघा).

१९. सेशन संपून दोन वर्षं झाली, एकही फिट नाही. आता गोळी थांबवायची का, आणि थांबवली तर सेशन परत सुरू करू का?

अभिनंदन. दोन वर्षं फिट नसेल तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करायचा विचार करतात, तो प्रकार, ईईजी, एमआरआय आणि वय बघून. न्यूरोफीडबॅक झालंय म्हणून हा काळ आखूड होत नाही. गोळी कमी करताना परत सेशन करावेत याला माझ्या वाचनात आधार आलेला नाही, त्याऐवजी परीक्षा, सहल, पोहण्याचा क्लास यांच्या तारखा डॉक्टरांसमोर ठेवा आणि कमी करायचे महिने त्यातून वाट काढून ठरवा. त्या महिन्यांत सायकल रस्त्यावर नको, पोहायला एकटं नको, बाथरूमला आतून कडी नको, आणि स्प्रेची एक्स्पायरी बघून घ्या.